आजीकडून नातीकडे, मधे मी

मूल खुरटलं की आईबाप डॉक्टरांकडे धावतात. भराभर वाढलं की कौतुक करत बसतात. आमच्याकडेही कौतुकच चाललं होतं. शाळेच्या रांगेत लेक मधून सरकत सरकत मागच्या टोकाला गेली, कपडे वर्षभर पुरेनात, भेटणारा प्रत्येक जण "आईबापांवर नाही गेली हो" म्हणायचा आणि आम्ही हसून घ्यायचो. मी १७० सेंटिमीटर, बायको १५७. उंच म्हणावं असं घराण्यात कोणी नाही. पण पोरगी वाढतेय म्हणून तक्रार कोण करतो?

मग एकदा आंघोळ झाल्यावर तिनं आईला सांगितलं, छातीत एका बाजूला दुखतंय. बायकोनं हात लावून पाहिलं तर स्तनाग्राच्या मागे लहानशी टणक गाठ. लेकीचं वय तेव्हा सात वर्षं एक महिना. ‘गाठ’ म्हटल्यावर रात्रीच्या वेळी माणसाच्या मनात जे जे येतं, ते सगळं आमच्या मनात येऊन गेलं.

बालरोगतज्ज्ञांनी दोन बोटांनी चाचपलं आणि लगेच सांगून टाकलं, ही स्तनाची सुरुवात आहे, दुसरं काही नाही. एकाच बाजूला आधी येणं, दुखणं, हे नेहमीचंच. नेहमीचं नव्हतं ते वय. मुलींमध्ये आठ ते तेरा आणि मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा या काळात कधीही वयात यायला सुरुवात झाली तर ती वेळेवर धरतात. आठच्या आधी मुलीत ही खूण दिसली की तपासायचं. तपासायचं म्हणजे घाबरायचं असं नाही, कारण पुष्कळ मुलींमध्ये एवढंच होतं आणि थांबतं. त्यांना कसलाच उपचार लागत नाही. हे पुढे सरकतंय का आणि किती वेगानं, हा खरा प्रश्न.

"जुन्या उंच्या कुठे लिहिलेल्या आहेत का?" त्यांनी विचारलं.

होत्या. लसीकरणाच्या पुस्तकात, शाळेच्या नोंदीत, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं. चौकटीवरच्या खुणा ऐकून डॉक्टर हसले, पण त्यांनी त्या टाकून दिल्या नाहीत. सगळे ठिपके तक्त्यावर मांडले आणि आम्हाला जे कौतुक वाटत होतं ते पाच मिनिटांत वेगळं दिसायला लागलं. बाळ पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात त्याच्या निम्मं, आणि चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत दर वर्षाला पाच-सहा. आमची पाच ते सहा या वर्षात आठ वाढली होती आणि पुढच्या वर्षात नऊ. पन्नासाव्या पर्सेंटाइलच्या, म्हणजे शंभरांतल्या बरोबर मधल्या मुलीच्या, रेषेवरून निघालेली पोर पंच्याऐंशीच्याही वर चढली होती. सातव्या वर्षी १२८ सेंटिमीटर उंची ही स्वतःहून काही आजार नाही. तेवढ्या उंचीच्या कितीतरी मुली ठणठणीत असतात. आपली रेषा सोडून वर जाणं, हे लक्षण.

नंतर वाचनात आलं की अशा आलेखांतला सगळ्यात जुना समजला जाणारा आलेख एका बापानंच काढला होता. फ्रान्सच्या काउंट मोंबेयार यांनी १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत मोजली आणि बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञानं ती छापली. किशोरवयातली उसळी त्यातही स्वच्छ दिसते. मलाही तो नाद लागला. सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा थोडी जास्त भरते, मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात म्हणून. त्यामुळे वेळ एकच ठेवायची. बायको म्हणायची, आता पोरीला श्वास तरी घेऊ दे.

पुढची पायरी डाव्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे. एवढ्या एका चित्रावरून हाडांचं वय काढतात. लहान मुलाच्या बोटांच्या हाडांच्या टोकाशी कूर्चेचा पट्टा असतो, एक्स-रेत तो काळी फट म्हणून दिसतो. वाढ तिथं होते. वय वाढतं तशी मनगटातली हाडं एकेक करून उगवतात, फटी अरुंद होतात आणि शेवटी बुजतात. हे ताडून पाहायला डॉक्टर जो चित्रसंग्रह वापरतात तो ग्र्यूलिक आणि पाइल यांचा, १९५० साली निघालेला. त्यातली चित्रं अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या, १९३०-४० च्या सुमारच्या सुखवस्तू गोऱ्या मुलांची. जगभरच्या मुलांचं वय अजून त्या हातांशी जुळवून ठरवतात, हे ऐकून मला जरा चमत्कारिकच वाटलं. आता संगणकही एक्स-रे वाचतो. दोन डॉक्टरांच्या वाचनात सहा महिन्यांचा फरक सहज पडू शकतो, संगणक निदान दर वेळी एकाच पद्धतीनं वाचतो. आमच्याकडे दोन्ही झालं आणि दोन्हीकडून उत्तर एकच आलं: मुलगी सातची, हात दहाचा.

इथून आम्ही अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे गेलो. या डॉक्टर बाई बोलायला मोकळ्या होत्या. मी त्यांना विचारलेला पहिला प्रश्न अगदी बाळबोध होता: आज सगळ्यांत उंच असलेली मुलगी पुढे बुटकी कशी राहील? त्यांनी कागदावर हिशेब मांडला. आईबापांच्या उंचीची बेरीज, मुलगी असेल तर त्यातून तेरा वजा, भागिले दोन: तिच्या वाट्याची उंची १५७ च्या आसपास. पण हाडं दहा वर्षांची झाली असतील तर तिची वाढ आजच बरीचशी संपलेली आहे, आणि १२८ वरून पुढे जे उरलंय ते धरून बेरीज दीडशेच्या आसपास अडकते. लवकर सुरू झालेली शर्यत लवकर संपते, एवढंच.

संपवतं कोण? तर इस्ट्रोजेन, ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो ते. हे मुलींपुरतंच खरं नाही. १९९४ साली एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढ चालूच, हाडांचं वय पंधरा. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन होतं, टेस्टोस्टेरॉनही होतं. पण इस्ट्रोजेन ओळखणारा रिसेप्टर जन्मतः बिघडलेला होता. मुलग्यांची हाडं टेस्टोस्टेरॉनमुळे मिटतात असं तोवर धरून चालत. या एका माणसामुळे कळलं की पुरुषाच्या हाडांतल्या फटीही इस्ट्रोजेनच बुजवतं. डॉक्टर बाईंनी हे इतक्या रंगून सांगितलं की आपण कशाला आलोय ते क्षणभर विसरायला झालं.

रक्ताच्या तपासण्यांत मुख्य आकडा एलएचचा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस, तिथून जीएनआरएच नावाचा संदेश ठोक्याठोक्यानं पिट्यूटरी ग्रंथीला जातो, पिट्यूटरी एलएच आणि एफएसएच सोडते, आणि मग बीजकोश इस्ट्रोजेन बनवतात. ही साखळी जागी झाली असेल तर एलएच वाढलेलं सापडायला हवं. लेकीचं आलं ०.२. साधारण ०.३ च्या वर असेल तर संशय पक्का. म्हणजे धड इकडे नाही, धड तिकडे नाही. सुरुवातीच्या काळात हे ठोके रात्री झोपेत पडतात, दिवसा घेतलेल्या रक्तात चाहूल लागेलच असं नाही. म्हणून उत्तेजन चाचणी: हातात सुई बसवायची, औषध द्यायचं आणि ठरावीक अंतरानं रक्त काढत राहायचं. पोरीनं पहिल्या सुईला आकांत केला, नंतरच्या रक्ताला मात्र ढुंकूनही पाहिलं नाही, कारण सुई तीच होती आणि टोचाटोची संपली होती. पाचच्या वर गेलं तर साखळी जागी. चौदा आलं. सोनोग्राफीत गर्भाशयही वयाच्या मानानं मोठं निघालं. मेंदूचा एमआरआय करावा का, यावर डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत. सहाच्या आतल्या मुलींत आणि सगळ्या मुलग्यांत करतातच. सहा ते आठमधल्या मुलींत काही सापडण्याची शक्यता कमी. आम्ही करून घेतला. स्वच्छ निघाला. तेवढी एक रात्र आम्ही नीट झोपलो.

या सगळ्या काळात कारणं सांगणाऱ्यांची रीघ लागली होती. कोणी प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर खापर फोडलं, कोणी मोबाइलच्या पडद्यावर, कोणी आम्ही तिचे फार लाड केले यावर. माझ्या बायकोला तर "तू तिला काय खायला घालतेस?" हा प्रश्न इतक्यांनी विचारला की तिनं फोन उचलणं कमी केलं. (मला कोणी विचारलं नाही. बापाला कोण विचारतो!) यात सगळंच खोटं आहे असंही नाही. मुली वयात येण्याचं वय जगभर खाली सरकतंय. कोपनहेगनमध्ये १९९१ साली स्तनांची वाढ सरासरी १०.९ व्या वर्षी सुरू होई, २००६ च्या सुमारास ती ९.९ वर आली. अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले तर १९७७ पासूनच्या काळात दर दहा वर्षांत सुमारे तीन महिन्यांची घट दिसते. वजन वाढणं हे त्यातलं एक कारण आहे, कारण चरबीतून निघणारं लेप्टिन मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवतं. रसायनांबद्दल संशोधन चालू आहे, पण एका मुलीकडे बोट दाखवून ‘हिचं या बाटलीमुळे झालं’ असं म्हणता येईल इतकं ते पोचलेलं नाही. आणि आमची लेक तर काडीपैलवान.

डॉक्टर बाईंनी खापर कुणावर फोडलं नाही, गृहपाठ दिला. "दोन्ही घरांतल्या बायकांना पाळी कितव्या वर्षी आली, विचारून या." बायकोनं आपल्या बाजूची उत्तरं फोनवर तासाभरात गोळा केली: बारा, तेरा, साडेतेरा. माझ्या बाजूचं विचारणं माझ्याकडे आलं. चाळिशीतल्या मुलानं आईला हा प्रश्न विचारायचा म्हणजे शब्द जुळवण्यातच दोन दिवस गेले. शेवटी ती वर्तमानपत्र वाचत बसलेली असताना सरळ विचारून टाकलं.

तिनं पान उलटलं. "कशाला हवंय तुला?"

मी लेकीचं सांगितलं. तोवर तिला आम्ही ‘थोड्या तपासण्या चालल्यात’ एवढंच कळवलं होतं. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"नववं लागायच्या आधी," ती म्हणाली. "आठ संपत आलं होतं. मला वाटलं पोटात काहीतरी फुटलं आणि मी आता मरणार. आईनं सांगितलं, कुणाला बोलायचं नाही. नाही बोलले. तुझ्या बाबांनाही नाही."

मग ती बोलतच राहिली. तिसरीत ती वर्गात सगळ्यांपेक्षा उंच होती, मास्तर फळ्याच्या वरचं पुसायला तिलाच उठवायचे. चौदाव्या वर्षापर्यंत झाडून सगळ्या मैत्रिणी तिच्या वर गेल्या आणि ती जिथल्या तिथं. आज ती १४५ सेंटिमीटर आहे. माझ्या मावशीचंही तसंच झालं होतं, आणि मामाला सहावीतच मिसरूड फुटलं म्हणून पोरं चिडवायची. हे सगळं मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आई आणि मावशी ठेंगण्या आहेत, एवढंच माहीत.

"तुझ्या बहिणीच्या वेळी मी सातव्या वर्षापासून डोळ्यांत तेल घालून बसले होते," आई म्हणाली. "तिला तेराव्याला आली. तुझंही सगळं वेळेवर. मला वाटलं, संपलं ते आमच्यापाशीच."

हे मी डॉक्टर बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कागद पुढे ओढून वंशवृक्ष काढायला घेतला. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, ज्याला लवकर झालं तो काळा. आई काळी, मावशी काळी, मामा काळा. मी आणि बहीण पांढरे. लेक काळी. त्या माझ्या चौकोनावर पेन टेकवून थांबल्या आणि म्हणाल्या, "मला एका जनुकाचा संशय येतोय." आम्हा तिघांचं रक्त पाठवायचं ठरलं: लेक, मी, आई. उत्तराला वेळ लागणार होता. उपचाराचा निर्णय त्याच्यासाठी थांबवायची गरज नव्हती.

तो निर्णय सोपा असेल असं मला वाटलं होतं. आजार आहे, वयात येणं काही काळ थांबवून धरणारं औषध आहे, घ्यायचं. पण डॉक्टर बाईंनी दोन्ही पारडी समोर ठेवली. उंचीचा फायदा सर्वांत जास्त मिळतो तो सहाच्या आत सुरू झालेल्या मुलींना. सात-साडेसातला काही सेंटिमीटर मिळतील, पण हमी देता येत नाही. संथ गतीनं पुढे जाणाऱ्या काही मुली औषधाशिवायही आपली उंची गाठतात. आमच्या लेकीची गती मात्र संथ नव्हती. हाडं तीन वर्षं पुढे, म्हणजे वर्ष-दीड वर्षात पाळी येण्याची शक्यता होती. औषध काही वर्षं चालू राहील. त्या काळात हाडांची घनता वाढायची तितकी वाढत नाही, औषध थांबल्यावर भरून निघते. पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम झाल्याचं आजवरच्या पाहण्यांत दिसलेलं नाही.

मी सेंटिमीटरचा हिशेब करत बसलो होतो. सहा मिळाले तर इतकं, तीनच मिळाले तर तितकं. आईनं तो ऐकला आणि म्हणाली, "उंचीचं काय घेऊन बसलास? माझं कुठं काय अडलं उंचीवाचून? दुसरीतल्या पोरीला शाळेत कपडे सांभाळत बसायला लागतं, ते बघ." आमचा निर्णय तिथं झाला. अजूनही मला वाटतं की या औषधाची चर्चा उंचीभोवतीच फार फिरते, कारण उंची मोजता येते.

औषधाचा इतिहास औषधापेक्षा मजेदार आहे. जीएनआरएच शोधून त्याची रचना लावल्याबद्दल गिमँ आणि शॅली या शास्त्रज्ञांना १९७७ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ते रोझलिन यॅलो यांनाही मिळालं, रक्तातली इतकी सूक्ष्म हार्मोन्स मोजण्याची रीत काढल्याबद्दल. मग साहजिक कल्पना अशी की हा संदेश बाहेरून दिला की पिट्यूटरी जोमानं कामाला लागेल. १९७८ साली माकडांवरच्या प्रयोगांत उलटंच निघालं. तासाला एक ठोका याप्रमाणे दिलं तर पिट्यूटरी चालते. तेच संथ धारेनं सतत दिलं तर ती बधिर होऊन बंद पडते. म्हणजे हार्मोनच्याच नकलेनं हार्मोन थांबवायचं. १९८१ मध्ये अकाली वयात आलेल्या मुलांवर हे करून पाहिल्याचे पहिले अहवाल आले. तेव्हा रोज टोचावं लागे. आता औषध स्नायूत साठून हळूहळू सुटतं. एक महिन्याचं आहे, तीन महिन्यांचं आहे, सहा महिन्यांचंही आलंय, आणि दंडाच्या त्वचेखाली बसवायची वर्षभराची कांडीही आहे. आम्ही तीन महिन्यांचं घेतलं.

पिट्यूटरी बधिर होण्याआधी पहिले काही दिवस उलट जास्त चेकाळते, आणि मग इस्ट्रोजेन अचानक घसरल्यावर काही मुलींना एकदाच थोडा रक्तस्राव होतो. हे आम्हाला आधी सांगितलेलं होतं, बायकोनं लेकीला सांगून ठेवलं होतं, आणि पहिल्या इंजेक्शननंतर तसंच झालं. तिनं येऊन जाहीर केलं, "आई, ते डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, ते आलं," आणि खेळायला गेली. माझी आई त्या वेळी घरात होती. ती बराच वेळ नातीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "इतकं सोपं असतं होय हे!"

लेकीचे प्रश्न वेगळेच असायचे. "म्हणजे मी मोठी होणारच नाही?" होशील, औषध बंद केलं की शरीर जिथं थांबलं तिथून पुढे निघेल. "आणि मेंदू? तोपण थांबणार?" नाही, तो चालूच. "मग ठीक आहे." पण तिच्या मेंदूची अडचण खरी दुसरी होती: उंची वयापेक्षा मोठ्या मुलीची असल्यामुळे अनोळखी माणसं तिच्याकडून समजही मोठ्या मुलीचीच मागायची. धावताना पडून रडली तर "एवढी मोठी घोडी आणि रडते" ऐकून घ्यावं लागायचं. वर्गशिक्षिकेला आम्ही सगळं सांगून ठेवलं. बाकीच्यांना काय काय सांगत बसणार?

जनुकाचा निकाल काही महिन्यांनी आला. एमकेआरएन३. पंधराव्या गुणसूत्रावरचं जनुक. त्यातला तोच एक बदल तिघांतही: आई, मी, लेक. २०१३ साली बोस्टन आणि साओ पाउलोच्या संशोधकांनी मुलं अकाली वयात येणारी पंधरा कुटुंबं तपासली आणि त्यांतल्या पाचांत या जनुकातले बदल सापडले. हे जनुक बालपणी मेंदूत ब्रेकचं काम करतं. त्यानं बनवलेलं प्रथिन जीएनआरएचच्या ठोक्यांना दाबून धरतं, वय वाढेल तसं ते कमी होतं आणि ब्रेक सुटतो. बदल झालेला असेल तर ब्रेक आधीच सुटतो. हे वाचून माझी एक जुनी समजूत गेली. मला वाटायचं, वयात येणं म्हणजे काहीतरी सुरू होणं. खरं तर ही साखळी बाळ काही महिन्यांचं असतानाच एकदा चालू होऊन गेलेली असते, मग ती कित्येक वर्षं दाबून ठेवलेली असते.

चालू करणारा संदेश याच्या दहा वर्षं आधी सापडला होता. २००३ साली फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी, जे कधी वयातच आले नाहीत अशा माणसांच्या कुटुंबांत, किसपेप्टिन नावाचा हा संदेश ओळखणारा रिसेप्टर बिघडलेला असल्याचं दाखवलं. किसपेप्टिनच्या जनुकाचं ‘किस’ हे नाव मात्र प्रेमावरून नाही, ते जिथं सापडलं त्या अमेरिकेतल्या हर्शी गावच्या ‘किसेस’ नावाच्या चॉकलेटवरून पडलेलं आहे. शोधलं गेलं ते तर कर्करोगाच्या अभ्यासात.

आणि मी? बदल माझ्यात आहे, तरी मला सतराव्या वर्षीही दाढीसाठी आरशासमोर वाट बघावी लागली. कारण हे जनुक फक्त बापाकडून आलेलं चालतं. आईकडून आलेली प्रत प्रत्येकात जन्मापासूनच कुलूपबंद असते, बिघडलेली असो वा चांगली. आईला ती तिच्या वडिलांकडून मिळाली, म्हणून तिला आणि तिच्या भावंडांना झालं. मला आईकडून मिळाली, म्हणून माझ्यात ती गप्प. माझ्याकडून लेकीला जाताना तीच प्रत बापाची झाली आणि बोलू लागली. बहिणीकडे आली असो की नसो, तिला त्रास होणारच नव्हता. आईनं डोळ्यांत घातलेलं तेल सगळं वाया गेलेलं होतं. मी तिला हे समजावलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे आप्पांकडून आलं?" वडिलांचा एक फोटो तिच्याकडे आहे, तो काढून आणला. फोटोत ते चारचौघांत उभे आहेत आणि सगळ्यांत बुटके आहेत. फोटो कपाटावर ठेवताना ती पुटपुटली, "आणि मी जन्मभर स्वतःला..." वाक्य पुरं केलं नाही.

पुढची वर्षं सांगण्यासारखी कमी. इंजेक्शन, एलएच दबलंय ना याची तपासणी, दर काही महिन्यांनी उंची, अधूनमधून हाताचा एक्स-रे. वाढीचा वेग नवावरून पाचवर आला. हाडांचं वय जवळजवळ रेंगाळलं आणि खरं वय मागून येऊन त्याला गाठायला लागलं. रांगेत ती मागून परत मधे आली, याचं तिला वाईट वाटलं. वजनाकडे जरा लक्ष द्यावं लागलं. इंजेक्शनची जागा दुखायची, ते दुखणं कधीच आवडीचं झालं नाही.

अकराव्या वर्षाच्या आसपास, हाडं बारावर आल्यावर, थांबायचं ठरलं. उंची तेव्हा १४६. थांबल्यावर सहसा वर्ष-सव्वा वर्षात पाळी येते म्हणतात. तिला बारा पूर्ण झाल्यावर आली, वर्गातल्या कितीतरी मुलींच्या नंतर. आज ती १५४ आहे आणि अजून थोडी वाढेल. औषधाशिवाय किती झाली असती, हे कुणालाच सांगता येणार नाही. दीडशे हाही शेवटी अंदाजच होता.

तिला एकदा सगळा वंशवृक्ष पुन्हा काढून दाखवला. तिनं माझ्यापेक्षा लवकर गणित सोडवलं. "म्हणजे माझ्या मुलांना काहीच होणार नाही. पण मला मुलगा झाला तर त्याच्या मुलांना होऊ शकतं." बरोबर, प्रत्येक पायरीवर निम्मी शक्यता धरून. मग तिनं धाकट्या भावाकडे बघितलं.

तो आठचा आहे. त्याच्यातही निम्मी शक्यता, आणि त्याच्यात आलं असेल तर ते माझ्याकडूनच, म्हणजे बोलणारं. मुलग्यांमध्ये हे तुलनेनं उशिरा आणि सौम्यपणे दिसतं. त्याची जनुक तपासणी आम्ही अजून केलेली नाही. निकाल काहीही आला तरी खूण दिसेपर्यंत आमच्या वागण्यात फरक पडणार नाही, आणि पुढे मूल होऊ द्यायच्या वयात तो स्वतः ठरवू शकेल. तोवर डॉक्टर बाईंकडे लाकडी मण्यांची माळ आहे, एक मिलिलिटरपासून पंचवीसपर्यंतची. वृषणांचा आकार त्या मण्यांशी ताडून बघायचा. चार झालं की सुरुवात धरायची. त्याचे अजून दोन भरतात. त्याला त्या माळेचं हसू येतं, पंचवीसचा मणी बघून तर तो दर वेळी विचारतो की असा खरंच कोणी असतो का. उंची मी चौकटीवर नाही, भिंतीवरच्या पट्टीवर मोजतो. गेल्या वर्षात साडेपाच सेंटिमीटर. पुढची भेट तो नऊचा होण्याच्या जरा आधी ठेवली आहे.